करडाचे संगोपन आणि मुलांचा विद्याभ्यास

तेरा ते सोळा वर्षे वयाच्या ग्रामीण मुलामुलींच्या शिक्षणाचा विचार करताना घरचे जनावर हे अभ्यासातील विघ्न होय, असे मानण्याचा प्रघात आहे. हा समज सर्वस्वी निराधार नाही. आठवी-नववीतील मुलास शाळेतून काढून कळपामागे धाडले जाते. शेणगोठा व पाणी आटोपता आटोपता मुलीचा शाळेतील पहिला तास बुडतो. परंतु हा दोष जनावराचा नव्हे, ते मुलाच्या हाती ज्या रीतीने दिले जाते त्या रीतीचा आहे. संपूर्ण कळप गळ्यात पडला तर मुलाचे शिक्षण थांबते. एकच करडू, त्याची एक वही आणि शाळेची वेळ अबाधित, अशी योजना केली तर तेच जनावर गणित व विज्ञान शिकविणारे उत्तम साधन ठरते.

प्रथम गणिताचा विचार करावा. शेळीच्या छातीचा घेर व शरीराची लांबी फितीने इंचांत मोजून, घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६० असे केले असता तिचे अंदाजे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. घेर २५ इंच व लांबी २४ इंच असल्यास हे वजन सुमारे २२.७ किलो येते. त्याच शेळीचे वजन काट्यावर २१.५ किलो भरले, तर अंदाज शेकडा सुमारे साडेपाचने चुकला. वर्ग, सूत्र आणि शेकडेवारी या तीन गोष्टी मुलाने एकाच सकाळी हाताळल्या, आणि मोजमापात चूक किती असते हेही त्यास कळले. करडाचे वजन पंधरा दिवसांत १४ वरून १५.२ किलो झाले, तर रोजची सरासरी वाढ ८० ग्रॅम होते. असे आकडे सहा महिने टिपून आलेखावर मांडले म्हणजे सांख्यिकीचा धडा निर्जीव राहत नाही. शेळीस जुळी होणार असतील तर एक नर व एक मादी होण्याची संभाव्यता किती, हा प्रश्न दहावीच्या बीजगणितातील आहे. आणि तो घरच्या गाभण शेळीविषयी विचारला असता मुले त्याचे उत्तर हौसेने शोधतात.

विज्ञानाचे क्षेत्र तर याहून विस्तृत आहे. मनुष्यास ज्वर म्हणावा असे ३९ अंश सेल्सिअस तापमान शेळीच्या बाबतीत नित्याचे असते. हे तापमापकावर स्वतः पाहिलेला विद्यार्थी ‘निरोगी अवस्था’ या शब्दाचा अर्थ विसरत नाही. शेळीच्या पोटाचे चार कप्पे, कोठीपोटातील सूक्ष्मजीवांकडून होणारे चाऱ्याचे किण्वन, आणि धान्य एकदम अति खाण्यात आल्यास तेथे वाढणारी आम्लता यांचा उलगडा झाला, म्हणजे आम्ल व आम्लारी यांचा पाठ गोठ्यापर्यंत येऊन पोहोचतो. पीपीआर हा रोग विषाणूंमुळे होतो, तर आंत्रविषार जिवाणूंच्या विषामुळे. दोहोंच्या लसी निराळ्या का, आणि प्रतिजैविकांनी विषाणू का मरत नाहीत, हे लसीकरणाच्या दिवशी विचारण्याजोगे प्रश्न आहेत. गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा धरून, १ जून रोजी फळलेली शेळी २९ ऑक्टोबरच्या सुमारास विईल असे मुलाने आधी लिहून ठेवावे आणि नंतर पडताळून पाहावे. अनुमान करणे व ते प्रत्यक्षाशी ताडून पाहणे हाच शास्त्रीय पद्धतीचा पाया होय.

भाषेचा लाभही उपेक्षणीय नाही. माज, वेत, पाट, रवंथ हे वडीलधाऱ्यांच्या तोंडचे अचूक शब्द वहीत उतरतात, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास लिहिलेला खराखुरा अर्ज हा परीक्षेतील पत्रलेखनाचा सर्वोत्तम सराव ठरतो.

हा विचार नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक उद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची कल्पना मांडली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने माध्यमिक शाळांसाठी जो तंत्रशिक्षणक्रम तयार केला, त्यात शेती व पशुपालन यांचा समावेश केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक व्यवसायांच्या परिचयासाठी सुचविलेले आहेत.

तथापि एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. केवळ जनावराच्या सहवासाने गुण वाढत नाहीत. तसे असते तर वर्षानुवर्षे शेळ्या राखणारा प्रत्येक मुलगा गणितात अग्रेसर ठरला असता. त्याची दृष्टी तीक्ष्ण असते, आजारी शेळी त्यास दुरून ओळखता येते. परंतु ते ज्ञान मोजलेले व लिहिलेले नसल्याने शाळेत त्याची ओळख पटत नाही. ही ओळख पटवून देणे हे वहीचे आणि ती तपासणाऱ्या शिक्षकाचे काम होय.

“शिकून पुन्हा शेळ्याच राखावयाच्या काय?” असा प्रश्न कित्येक पालक विचारतील. त्यामागील कष्टांची आठवण खरी आहे आणि तिचा अनादर होता कामा नये. परंतु येथे मुलास शेळीपालक करण्याचा हेतू नाही. जो मुलगा आपल्या करडाच्या खाद्याचा खर्च व वजनवाढ यांचा ताळा घालू शकतो, तो पुढे कारखान्यात, दवाखान्यात वा बँकेतही हिशेबाला भिणार नाही.

मात्र काही मर्यादा कसोशीने पाळाव्यात. सकाळ-संध्याकाळ मिळून तासाभरापेक्षा अधिक काम मुलांवर नसावे. परीक्षेच्या दिवसांत ते घरच्या वडील माणसांनी उचलावे. मुलीच्या वाट्यास झाडलोट व मुलाच्या वाट्यास वही, अशी विभागणी मुळीच करू नये. शेळी विताना किंवा गाभडल्यास मुलांनी वार, स्राव वा मृत करडू यांस स्पर्श करू नये, कारण ब्रुसेल्लोसिससारखे रोग माणसास त्यातून जडतात. एरवीही जनावर हाताळल्यावर हात साबणाने धुण्याची सवय असावी. आणि करडू एक दिवस विकले जाणार असेल, तर ते मुलास प्रारंभीच सांगावे. लळा लागलेले जनावर त्याच्या नकळत बाजारात नेणे हा विश्वासघात होय. विक्रीच्या वेळी त्याची वही पुढे घेऊन भाव ठरवावा, आणि खर्च वजा जाता उरलेल्या पैशांतून त्याच्या शिक्षणाची तरतूद व्हावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेतील एका शिक्षकाची संमती, एक मोजफीत, गावातील एखादा काटा आणि लसीकरणाच्या दिवशी मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यास पशुवैद्यकाने दिलेली पंधरा मिनिटे एवढे पुरेसे आहे. येत्या सत्रात प्रत्येक गावी निदान पाच घरांतून अशा वह्या सुरू व्हाव्यात, आणि त्या महिन्यातून एकदा वर्गात वाचल्या जाव्यात.