झाकणाचाही हिशेब हवा

३१ ऑगस्ट २०१७ च्या संध्याकाळी पीएसएलव्ही-सी३९ रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले. चारही टप्प्यांनी आपापले काम केले, तरीही मोहीम फसली. वातावरण मागे पडल्यावर ज्या उष्णताकवचाने दोन भागांत उघडून गळून पडायचे, ते उघडलेच नाही. १,४२५ किलोचा आयआरएनएसएस-१एच उपग्रह कवचाच्या आतच सुटा झाला आणि आतच अडकून राहिला. त्याची जागा घेणारा आयआरएनएसएस-१आय एप्रिल २०१८ मध्ये पाठवावा लागला.

तरी कवच लागतेच, विशेषतः यानाच्या थ्रस्टरांसाठी. थ्रस्टर म्हणजे यानाला दिशा देणारी छोटी इंजिने, आणि त्यांची तोंडे घंटेसारखी उघडी असतात. उड्डाणाच्या पहिल्या काही मिनिटांत हवेचा झोत त्यांच्यावर दाब टाकतो, त्यांना तापवतो. उड्डाणाआधी पाऊस आणि किनाऱ्यावरची दमट हवा आत शिरू पाहते. अनेक थ्रस्टरांत वापरल्या जाणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडला ओलावा भेटला की नायट्रिक आम्ल तयार होते आणि धातू गंजतो. ऑगस्ट २०२१ मध्ये फ्लोरिडात बोइंगच्या स्टारलायनर यानाचे १३ व्हॉल्व्ह अशाच गंजाने अडकले आणि उड्डाण रद्द झाले.

पण झाकले म्हणजे झाले, असे नाही.   नासाच्या स्पेस शटलला एकूण ४४ थ्रस्टर होते. पाऊस आत जाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडांवर कागद चिकटवलेला असे आणि तो उड्डाणाच्या वेळी निघून जाई. पुढे नाकाजवळचा कागद उशिरा सुटला तर वेगात खिडक्यांवर आदळेल, ही चिंता गंभीर ठरली. कोलंबिया शटलच्या दुर्घटनेनंतर, जुलै २००५ मध्ये डिस्कव्हरी शटल उडाले, तेव्हा कागदाऐवजी टायव्हेकची झाकणे आली होती. वेग कमी असतानाच वारा भरून ती निघून जावीत, अशी त्यांची रचना होती.

स्टारलायनरची २०२४ मधली गोष्ट याच्या उलट. त्याचे थ्रस्टर यानाच्या बाजूला फुगीर पेट्यांत बसवलेले आहेत. या पेट्यांनी उष्णता आत कोंडून धरली. टेफ्लॉनचे सील फुगले, इंधनाचा प्रवाह आखडला आणि अंतराळस्थानकाजवळ पोहोचताना २८ पैकी पाच थ्रस्टर बंद पडले. चार पुन्हा चालू झाले, पण नासाने धोका पत्करला नाही. यान सप्टेंबरमध्ये रिकामे परतले. त्यातून गेलेल्या सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर या अंतराळवीरांना स्थानकावर मार्च २०२५ पर्यंत थांबावे लागले.

 आपल्या माहुलच्या रिफायनरीतल्या कामगाराला झाकणांचा हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. शटडाउनमध्ये पाइपलाइनच्या फ्लँजमध्ये टाकलेला प्रत्येक ब्लाइंड, म्हणजे लाइन बंद करणारी चकती, यादीत नोंदला जातो, आणि ती काढल्याची सही झाल्याशिवाय लाइन चालू होत नाही. झाकण कधी बसवले, कधी निघाले आणि मध्यंतरी आत काय साचले, या तिन्ही गोष्टींची नोंद यानाच्या बाबतीतही तितकीच काटेकोर हवी.

भारताच्या माणसांना अंतराळात नेणाऱ्या गगनयानाच्या बाबतीत ही मागणी आताच करायला हवी. त्याच्या सर्व्हिस मॉड्यूलवर ४४० न्यूटनची पाच इंजिने आणि १०० न्यूटनचे १६ थ्रस्टर आहेत. ११ जुलै २०२५ रोजी महेंद्रगिरीला ही प्रणाली सलग ३५० सेकंद चालवून पाहिली गेली, ही मोठी कामगिरी आहे. मात्र जमिनीवरच्या अशा चाचणीत उड्डाणातला हवेचा झोत नसतो. म्हणून माणसे बसण्याआधीच्या मानवरहित उड्डाणांत थ्रस्टरांभोवतीचे तापमान, दाब आणि कवच सुटण्याची नेमकी वेळ मोजली गेली पाहिजे.

आणि हे आकडे लोकांसमोर आले पाहिजेत. विक्रोळीच्या गोदरेजने इस्रोसाठी इंजिने आणि थ्रस्टर बनवले आहेत, वालचंदनगरने रॉकेटचे भाग. असे सुटे भाग घडवणाऱ्या कारागिरांना आपला भाग प्रत्यक्ष उड्डाणात कसा वागला हे कळले, तर पुढचा भाग ते अधिक जाणतेपणाने घडवतील. इस्रोने प्रत्येक मानवरहित उड्डाणानंतर थ्रस्टर आणि कवच यांचा स्वतंत्र अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करावा, आणि तो तपासून झाल्यावरच पहिल्या भारतीय चमूची तारीख ठरावी.