संशोधनाच्या वेशीबाहेर आम्हाला कोण ठेवतो?

गावकुसाबाहेरच्या वस्तीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना वेस म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आज देशातील प्रयोगशाळांना दगडी वेस नाही. दारावर जातीची पाटीही नाही. तेथे आहे तो अर्जाचा एक छापील कागद, आणि त्या कागदावर 'पात्रता' या मथळ्याखाली दिलेल्या चार ओळी. अर्जदाराचे वय अमुक वर्षांच्या आत असावे, पीएच.डी. होऊन अमुक वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. अर्जदार मान्यताप्राप्त संस्थेत कायम पदावर असावा. या ओळींत जातीचा उल्लेख नाही, आणि म्हणून त्या सर्वांना सारख्याच न्याय्य आहेत, असे आम्हाला सांगण्यात येते. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. वैद्यकीय व जीवशास्त्रीय संशोधनाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणांना जी अनुदाने दिली जातात, त्यांच्या पात्रतेची वेस आज चुकीच्या ठिकाणी बांधलेली आहे. ती हटविणे हा दयेचा प्रश्न नसून हक्काचा प्रश्न आहे.

पात्रतेची एक ओळ माणसाचे काय करू शकते, याचा अनुभव बौद्धांइतका दुसऱ्या कोणाला असणार? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरविले की, हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली शिखांसाठी ती अट सैल करण्यात आली. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर रोजी, नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लक्षावधी अनुयायांना धम्मदीक्षा दिली, आणि ते सारे केंद्र सरकारच्या दप्तरात एका दिवसात 'अपात्र' ठरले. माणूस तोच, झोपडी तीच, सावकाराचे कर्ज तेच, पाटलाची नजर तीच. बदलला होता तो केवळ धर्माचा रकाना. महाराष्ट्र राज्याने स्थापनेनंतर आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांना दिल्या; परंतु केंद्राचे दार उघडावयास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! या चौतीस वर्षांत आमची किती मुले डॉक्टर, किती मुली शास्त्रज्ञ होता होता राहिल्या, याचा हिशेब कोणत्या खात्याने ठेवला आहे? आणि १९९० मध्ये पात्रता विस्तृत झाली तेव्हा कोणते आकाश कोसळले?

"तुम्ही जात सोडली, मग जातीच्या नावाने सवलत कशाला मागता?" हा जुना प्रश्न नवदीक्षितांना आजही विचारला जातो. त्याचे उत्तर सरळ आहे. जात आम्ही सोडली. पण जातीने आमचे जे हिरावून घेतले ते तिने परत केलेले नाही. ऋण फिटल्याची पावती ऋणकोने स्वतःच लिहून घ्यावयाची नसते.

संशोधन-अनुदान म्हणजे काय, हे आपल्या कुटुंबांतून पुरेसे ठाऊक नाही. म्हणून थोडा खुलासा करतो. पीएच.डी. झाली म्हणजे शास्त्रज्ञ झाला असे होत नाही. त्यानंतरची पाच-सात वर्षे हीच खरी कसोटीची. या काळात ज्याला स्वतःच्या नावाने अनुदान मिळते, तो स्वतःचा प्रश्न निवडतो, उपकरणे व रसायने घेतो, सहायक नेमतो आणि आपली प्रयोगशाळा उभारतो. ज्याला ते मिळत नाही, तो दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत दुसऱ्याचे प्रश्न सोडवीत राहतो, किंवा विज्ञान सोडून मिळेल ती नोकरी धरतो. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर' प्राध्यापकवृत्ती नेमकी याच टप्प्यावरील तरुणांसाठी काढलेली. 'नेचर' या जगप्रसिद्ध शास्त्रीय साप्ताहिकाने २०२३ च्या जानेवारीत सरकारी आकड्यांच्या आधारे दाखवून दिले की, २०१६ ते २०२० या काळात या वृत्तीच्या लाभार्थींपैकी ८० टक्के उच्च जातींतील होते. अनुसूचित जातींचे ६ टक्के, आणि अनुसूचित जमातींचे १ टक्काही नव्हते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आहे. मग या निवडीच्या निकालात जात इतकी स्वच्छ कशी उमटते?

येथे गुणवत्तेची हाकाटी सुरू होते. "विज्ञानाला जात नसते, तेथे केवळ गुण पाहिले जातात," असे म्हणणाऱ्यांनी एकदा अमेरिकेकडे पाहावे. गोऱ्यांच्या वर्चस्वाखाली पिढ्यानपिढ्या भरडलेल्या तेथील कृष्णवर्णीयांचा प्रश्न आणि आपला प्रश्न यांतील साम्य बाबासाहेबांनी ओळखले होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहारही केला होता. त्या देशात वैद्यकीय संशोधनाचा बहुतेक सरकारी पैसा राष्ट्रीय आरोग्य संस्थांमार्फत वाटला जातो. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात डोना गिंथर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाटपाची तपासणी प्रसिद्ध केली. गोऱ्या अर्जदारापेक्षा कृष्णवर्णीय अर्जदाराला अनुदान मिळण्याची शक्यता १३ टक्क्यांच्या अंतराने कमी आढळली. शिक्षण, प्रशिक्षण, प्रसिद्ध झालेले निबंध, पूर्वीची पारितोषिके हे सर्व सारखे धरून पाहिले, तरी १० टक्क्यांचे अंतर उरलेच. गुण सारखे असताना जे अंतर उरते, त्याला गुणवत्ता म्हणावयाचे की दुसरे काही? पुढे २०१९ च्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली. कृष्णवर्णीय संशोधक वस्तीचे व समाजाचे आरोग्य असे विषय अधिक निवडतात, आणि नेमक्या याच विषयांना अनुदान कमी मिळते. म्हणजे माणूसच नव्हे, तर त्याच्या वस्तीचा प्रश्नही अपात्र!

तेथील सरकारी संस्थांनी यावर काय केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. वंचित परिस्थितीतून आलेल्यांसाठी त्यांची एक वर्गवारी पूर्वीपासून होती. परंतु ती मुख्यतः शाळा-महाविद्यालयातील मुलांनाच लागू पडते, असे मानले जाई. जणू पदवी हाती आली की बालपणीची उपासमार पुसली जाते! नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी व्याख्या बदलली. आईबापांपैकी कोणीही पदवीधर नसणे, शाळेत दोन वर्षे वा अधिक काळ मोफत किंवा सवलतीचे जेवण घ्यावे लागणे, गरिबांसाठीच्या सरकारी शिक्षणसाहाय्यास पात्र असणे, घर नसणे, परक्या घरी वाढणे, ग्रामीण भागात लहानाचे मोठे होणे, अशा खुणांपैकी कोणत्याही दोन ज्याच्या आयुष्यात आढळतील, त्याला संशोधक झाल्यावरही वंचित मानावे असे ठरले. यात महत्त्वाचे असे की, वंश व अपंगत्व यांच्या जुन्या वर्गवाऱ्या तशाच ठेवून ही भर घालण्यात आली. कोणाला बाहेर ढकलून दुसऱ्याला आत घेतले नाही.

आणि हेही सांगितले पाहिजे की, २०२५ मध्ये तेथील राज्यकर्ते बदलताच अशा अनेक योजना बंद करण्यात आल्या आणि चालू अनुदानेही तोडली गेली. जून २०२५ मध्ये बोस्टनच्या संघीय न्यायाधीशांनी ही तोड बेकायदा ठरविली व त्यामागे भेदभाव असल्याचे उघड बोलून दाखविले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाच्या मोठ्या भागाला पाच विरुद्ध चार मतांनी स्थगिती दिली. यातून आम्ही घ्यावयाचा धडा एकच: जी सवलत केवळ परिपत्रकावर उभी असते, ती परिपत्रकानेच मोडते. हक्क कायद्यात कोरला पाहिजे.

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञ कोणत्या घरचा आहे याने औषधाला काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो जिवावर बेततो. कोरोनाच्या साथीत बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र घरोघरी पोहोचले. २०२० मध्ये अमेरिकेत आढळून आले की, हे यंत्र काळ्या त्वचेच्या रुग्णांतील प्राणवायूची धोकादायक घट गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिपटीने अधिक वेळा चुकविते. यंत्र घडविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणती त्वचा होती, हे निराळे सांगावयास नको.

आता आपल्या घरात पाहा. सिकल सेल हा रक्ताचा आजार विदर्भातील आदिवासींप्रमाणेच पूर्वाश्रमीच्या महार समाजात, म्हणजे आजच्या बौद्ध कुटुंबांत, पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. भारतातील हा आजार सौम्य असतो, असे बराच काळ मानले गेले. परंतु नागपूरच्या रुग्णालयांत वारंवार दाखल होणारी, हाडांच्या वेदनांनी रात्र रात्र तळमळणारी मुले त्या समजुतीला खोटे पाडीत आली आहेत. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी २०४७ पर्यंत हा आजार नष्ट करण्याची मोहीम सुरू केली. तिचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो योग्यच आहे. पण विदर्भातील बौद्ध मुलात हा आजार तीव्र का होतो, त्याच्या आईला गरोदरपणात काय सोसावे लागते, विवाहापूर्वीची तपासणी समाजाला पटेल अशी कशी करावी, हे प्रश्न ज्याच्या घरात ते जगले गेले त्याला जितके सुचतील, तितके दुसऱ्याला सुचणार नाहीत.

मग अशा घरातील तरुण वेशीवर का अडतो? घरातील पहिला पदवीधर असलेला मुलगा मध्येच दोन वर्षे नोकरी करून धाकट्या बहिणीचे शिक्षण करतो. त्याचे वय निघून जाते. आमची मुलगी जिल्ह्याच्या महाविद्यालयात शिकते. तेथे उपकरणे नसल्याने तिचे निबंध उशिरा प्रसिद्ध होतात. सर्वांत क्रूर अट कायम पदाची! विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी स्वतंत्र अनुदानयोजना काढली खरी. पण अर्जदार कायम पदावर असला पाहिजे अशी तिची अट होती. राखीव जागा भरावयाच्या नाहीत, आणि पद नाही म्हणून अनुदान द्यावयाचे नाही; हा कोणता न्याय? २०२४ पासून त्या मंडळाचे काम राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे गेले आहे. नव्या संस्थेने जुनी वेस पुन्हा बांधू नये.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कायम पद नसलेल्या तरुण संशोधकालाही स्वतःच्या नावाने अनुदान मागता यावे. वयाची व वर्षांची मर्यादा मोजताना कुटुंबासाठी नोकरीत गेलेली व बाळंतपणात गेलेली वर्षे वगळावीत. घरातील पहिला पदवीधर असणे व खेड्यातील शाळेत शिकलेले असणे यांना गुणांकनात स्थान द्यावे. मात्र त्या निमित्ताने अनुसूचित जाती-जमातींचा वाटा कमी करू नये. पात्रता वाढवावयाची आणि थैली तेवढीच ठेवावयाची, ही वंचितांना वंचितांशी झुंजविण्याची युक्ती आहे. आणि दरवर्षी कोणाला किती अनुदान मिळाले, याचे जातवार आकडे जाहीर करावेत.

बौद्ध बंधुभगिनींनो, सरकारकडे मागावयाचे ते मागूच. पण एक गोष्ट आपल्याही हातात आहे. मुलाने एम.एस्सी. केली की घरचे विचारतात, "पगार कधी सुरू होणार?" हा प्रश्न गरिबीचा आहे, त्यात दोष नाही. तरीही ज्या घराला शक्य असेल त्याने एका मुलाला, एका मुलीला चार वर्षे अधिक द्यावीत, आणि ज्या घराला शक्य नसेल त्याच्या पाठीशी विहारातील मंडळींनी उभे राहावे. १९१३ साली एका शिष्यवृत्तीच्या बळावर एक तरुण कोलंबिया विद्यापीठात गेला, आणि परत येऊन त्याने या देशाला संविधान दिले. त्याच बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयांच्या मंत्रिमंडळात असताना, अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणाचा, परदेशातील शिक्षणाचासुद्धा, खर्च सरकारने उचलावा, अशी लेखी मागणी केली होती. ती मागणी आजही पुरी झालेली नाही. ती पुरी करून घेणे हे आपले काम आहे.

जय भीम!