केस गळाल्यावरच पाणी तपासायचं का?

विशेष विश्लेषण

जानेवारी २०२५ आठवतो? शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. काही दिवसांत टक्कल. आरोग्य पथकं आली, पाण्याचे नमुने गेले, नायट्रेट जास्त निघालं. सगळ्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. पुढे संशय गव्हातल्या सेलेनियमकडे वळला.

त्याच महिन्यात पुण्यात सिंहगड रोड भागात जीबीएसचे रुग्ण वाढले. तिथंही विहिरीच्या पाण्याची चर्चा आधी रुग्णालयात झाली, मग गावात.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच. माणूस आजारी पडला, तेव्हा पाणी आठवलं. गावाकडं मागच्या दोन-तीन वर्षांच्या पाण्याची नोंद असती, तर 'हे पाणी आधीपासून असंच आहे की आत्ता बिघडलं' हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

व्यवस्था आहे, पण कागदावर किती?

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं आहे. त्यासाठी तपासणी किट आहे. पाण्याचा सामू, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराईड, लोह, फ्लोराईड, नायट्रेट आणि उरलेलं क्लोरीन गावातच बघता येतं. जंतूंसाठी वेगळी बाटली असते. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, काळं झालं की समजायचं, पाण्यात घाण मिसळतेय.

शिवाय पावसाळ्याआधी आणि नंतर अशी वर्षातून दोनदा जलस्रोतांची पाहणी होते. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाला कोणतं कार्ड आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

अडचण इथंच आहे. किट कपाटात, रसायनाची मुदत संपलेली. प्रशिक्षण घेतलेल्या बाईला रोजचं शेतातलं काम. तिनं तपासणी केली तरी निकाल कुठं सांगायचा, सांगितला तर कोण ऐकणार? फुकटची जबाबदारी आणि वरून 'गावाची बदनामी करते' असं बोलणं. मग कोण करेल?

नाला आणि तलाव कुणाचा?

तपासणी होते ती विहीर, बोअर आणि नळाची. नाला, गावतलाव, पाझर तलाव यांच्याकडे कुणी बघत नाही. पण विहिरीला पाझर तिथूनच येतो. नाल्यात गटार सोडलं, काठावर उकिरडा केला, शेतातला युरिया वाहून आला, की ते सावकाश विहिरीत उतरतं.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही. बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला सगळ्यात जास्त धोका. आणि एक गैरसमज सोडा: पाणी उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की उलट त्याचं प्रमाण वाढतं. ब्लीचिंग पावडरनंही ते जात नाही.

म्हणून स्वयंसेवकांचं काम विहिरीवर थांबवून चालणार नाही. गावातली चार-पाच पोरं-पोरी, एखादे शिक्षक आणि प्रशिक्षित महिला यांनी नाल्याच्या आणि तलावाच्या ठरलेल्या जागा धरायच्या. महिन्यातून एकदा, त्याच जागी जायचं. पाण्याचा रंग, वास, फेस, शेवाळ, मेलेले मासे बघायचे. मोबाईलवर फोटो काढायचा, वहीत तारीख टाकायची. किट असेल तर नायट्रेट बघायचं. एका दिवसाच्या आकड्यावरून फार कळत नाही, वर्षभराची वही मात्र बोलते.

बदनामी नको, उपाय हवा

किटचा निकाल म्हणजे अंतिम निकाल नाही. शंका आली तर नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि तोवर ते पाणी प्यायचं थांबवायचं. थेट व्हॉट्सअॅपवर टाकून घबराट करू नका. पण दाबूनही ठेवू नका. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर निकाल लागला पाहिजे.

महिलांच्या कामाचं मोल हा खरा प्रश्न आहे. साधं मानधन आणि मुदतीतलं किट दिलं नाही, तर ही योजना दोन-चार हौशी माणसांवर उभी राहील आणि त्यांचा उत्साह संपला की बसेल.

१५ ऑगस्टची ग्रामसभा आहे. चार प्रश्न विचारा. आपल्या गावाचं कार्ड कोणतं? किट कुठं आहे आणि मुदत कधीपर्यंत? शेवटची तपासणी कधी झाली? नाल्यात गटार कुठून उतरतं? उत्तर मिळालं नाही, तर तेही इतिवृत्तात लिहून घ्या.

पाणी आपणच पितो. वहीही आपल्यालाच ठेवावी लागेल.