मचाणावर चढण्याआधी
थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचा ९ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. कमरेच्या वरचे निम्मे कपडे तरी भडक नारिंगी हवेत, असा तिथला कायदा. २०१६पासून झगझगीत गुलाबीही चालतो. हरणाला हा नारिंगी मळकटच दिसतो, माणसाच्या मात्र झाडीतूनही नजरेत भरतो. चेक्वामेगन-निकोलेटसारख्या सरकारी जंगलात कुठल्या झुडपाआड कोण बसलंय याचा भरवसा नसतो, तिथे हा रंगच जीव वाचवतो. खासगी रानात आधी मालकाची परवानगी, शिवाय हद्द कुठे संपते तेही त्याच्याकडूनच समजून घ्यायचं. पण माझ्या मते सगळ्यात जास्त हयगय होते ती मचाणावर. गोळीची धास्ती सगळेच घेतात, पडण्याची फारसं कुणी घेत नाही! पहाटेच्या अंधारात, गारठलेल्या बोटांनी आणि जाडजूड बुटांनी शिडी चढायची असते. अंगभर बांधायचा पट्टा पाय जमिनीवर असतानाच झाडाला बांधलेल्या दोराला अडकवायला हवा. रायफल खांद्याला लटकवून चढणं तर नकोच. ती रिकामी करायची, नळी खाली ठेवून दोरीला बांधायची आणि वर बसल्यावर ओढून घ्यायची. कुठल्या झाडावर बसणार, परतणार कधी, हे घरी सांगूनच निघायचं.