सोडून दिलेल्या माशांचा हिशेब

भूगोलाच्या पुस्तकात मत्स्योत्पादनाचे कोष्टक असते. ज्या देशापुढे मोठा आकडा, तो आघाडीवर, असे आपण पाठ करतो. माझ्या मते ही मोजणी अपुरी आहे. जाळ्यात किती मासे आले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, जाळ्याबाहेर किती राहू दिले हे पाहावयास हवे. सॅमन माशाचे उदाहरण घ्या.

सॅमन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्मनदीकडेच परततो. म्हणजे परतणारा मासा हे पुढच्या पिढीचे बियाणे होय. कणगीतले बियाणेही खाऊन टाकणाऱ्या शेतकऱ्याने मृगात पेरावे काय?

अलास्काने हे ओळखले. १९५९ साली अमेरिकेचे राज्य झालेल्या या प्रदेशाच्या राज्यघटनेतच, मत्स्यसंपत्तीचा उपभोग तिचे उत्पादन अखंड टिकेल अशा बेताने घ्यावा, असे कलम आहे. तेथील ब्रिस्टल उपसागरास मिळणाऱ्या नद्यांच्या काठी मनोरे आहेत. त्यांवर बसून माणसे दर तासाला दहा मिनिटे, प्रवाहाविरुद्ध वर जाणारे मासे मोजतात. पुरेसे मासे वर जावेत अशा बेताने मासेमारी खुली होते वा थांबते. २०२२ साली तेथे सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय सॅमन परतले. त्यास निसर्गाचीही साथ होती. परंतु बियाणे राखले नसते, तर निसर्गाने साथ कशास दिली असती?

कोणी म्हणेल, समुद्रात पिंजरे टाकून मासे पोसले म्हणजे झाले. नॉर्वे असे दहा लाख टनांहून अधिक सॅमन दरवर्षी काढतो. परंतु त्याच देशात २०२४ च्या उन्हाळ्यात नद्यांत परतणारे सॅमन इतके घटले की, अनेक नद्यांतील मासेमारी मध्येच बंद करावी लागली. बाजार भरलेला आणि नदी रिती, हे उत्पादनाच्या एका आकड्यावरून कळत नाही.

मोजणीने सर्व संकटे टळतात असे मात्र नव्हे. अलास्कातीलच युकॉन नदीत चिनूक जातीचा सॅमन फार घटला. २०२४ साली अलास्का आणि कॅनडा यांनी त्याची मासेमारी सात वर्षे थांबविण्याचा करार केला. हिवाळ्यासाठी हा मासा सुकवून ठेवणाऱ्या तेथील आदिवासी कुटुंबांना हा संयम जड जात आहे. वेळीच हात आखडला नाही, तर पुढे उपास घडतो. आणि तो बहुधा गरिबाच्याच वाट्यास येतो.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, यापुढे असे कोष्टक पाहाल तेव्हा त्यात एक रकाना मनाने वाढवा: सोडून किती दिले? ज्या देशापाशी याचे उत्तर आहे, त्यालाच मी खरा अग्रेसर म्हणेन.