खाण्याची फुलं: धंदा म्हणून नको, जोड म्हणून चालेल



"बाल्कनीत खाण्याची फुलं लावा आणि महिन्याला पन्नास हजार कमवा" असे व्हिडिओ सध्या तुमच्याही मोबाइलवर येत असतील. माझं मत सरळ आहे. नुसत्या फुलांवर घरातून धंदा उभा राहत नाही. ज्यांचा खाण्यापिण्याचा काही व्यवसाय आधीच चालू आहे, त्यांनी मात्र कुंड्या जरूर लावाव्यात.

आधी हिशेब बघू. 'ब्लू टी'वाला गोकर्ण घ्या. बी रात्रभर भिजवून पेरलं की उगवतं, वेलाला ऊन आणि आधार लागतो. समजा दहा कुंड्या आहेत आणि रोज प्रत्येकी पाच फुलं मिळतात. महिन्याची झाली 1500. दहा वाळक्या फुलांचा एक ग्रॅम धरला तर 150 ग्रॅम माल, म्हणजे 25 ग्रॅमची सहा पाकिटं. 150 रुपयांना एक विकलंत तरी हातात 900 रुपये, आणि त्यातून पाकीट, लेबल, कुरिअर जायचंय. रोज सकाळी फुलं तोडायचा वेळ तर धरलाच नाही. (आई तोडते म्हणून फुकट, असं कृपया म्हणू नका. कॉस्टिंगमध्ये आईची मजुरी लावायची.) पावसाळ्यात फुलं वाळता वाळत नाहीत, ती पंचाईत वेगळीच.

आता हीच फुलं सरबताचा स्टॉल चालवणाऱ्या ताईंच्या हातात द्या. गरम पाण्यात फुलांचा निळा रंग उतरतो, वरून लिंबू पिळलं की ग्लासात डोळ्यांदेखत जांभळा होतो. गिऱ्हाईक आधी फोटो काढतं, मग पितं. ग्लासाला पाच फुलं धरली तर 1500 फुलांचे 300 ग्लास. साध्या लिंबू सरबतापेक्षा दहाच रुपये जास्त लावले तरी वरचे 3000. वेल तेच, कुंड्या त्याच.

ताज्या फुलांचं दुखणं म्हणजे ती टिकत नाहीत. भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटायला लागतं. ते पाकिटात घालून कुठे पाठवणार? पण तुमचं पोळीभाजी केंद्र असेल तर रविवारी फुलांची भजी ठेवा, बघा कशी उडतात. तोडताना लांब, बारीक देठाची नर फुलं तोडा. ज्या फुलाखाली इवलासा भोपळा दिसतो ते मादी, ते तोडलं की भोपळा गेला. आणि नरही सगळे ओरबाडू नका, परागीभवनाला थोडे लागतात.

हादगा, शेवगा, केळफूल ही नावं आपल्या गिऱ्हाइकाला शिकवावी लागत नाहीत. पॅन्सी, नॅस्टर्शियम शिकवावी लागतात, आणि शिकवण्याचा खर्च छोट्या माणसाने का करावा? एखाद्या हॉटेलने आधी ऑर्डर दिली तरच ती लावा.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते. घरून केक करणाऱ्या बऱ्याच जणी फुलबाजारातून फुलं आणून थेट क्रीमवर खोचतात. ती फुलं हारासाठी, सजावटीसाठी पिकवलेली असतात. त्यांच्यावर काय फवारलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कण्हेर, बिट्टी, धोतरा तर सरळ विषारी आहेत, शोभेला म्हणूनसुद्धा ताटाजवळ नकोत. फूल केकवर आलं की लहान मूल ते तोंडात घालणारच. "ते फक्त डेकोरेशन होतं" हे उत्तर तेव्हा कोण ऐकून घेईल?

नर्सरीतून फुललेलं रोप आणून त्याच दिवशी फुलं वापरू नका. काही कीटकनाशकं झाडाच्या आत भिनतात, धुऊन जात नाहीत. बियांपासून वाढवा आणि बीसुद्धा औषध न लावलेलं घ्या. नवीन फूल मेनूवर आणण्याआधी त्याची ओळख जाणकाराकडून पक्की करा, कारण दिसायला सारखी फुलं खूप असतात.

आणि विकणार असाल तर एफएसएसएआय नोंदणी हवीच, घरून विकलं तरी. अर्ज ऑनलाइन होतो. गोकर्णाचं बी आजच भिजत घाला, वेल फुलेपर्यंत नोंदणीचं काम उरकून घ्या.