फूट व्हॉल्व्ह आणि वाघ

गेली बावीस वर्षं मी कारखान्यात हायड्रॉलिक पंप सांभाळतोय. प्रेसला तेलाचा दाब पुरवणारे, विजेवर चालणारे पंप. रोज सकाळी तेलाची पातळी बघायची, फिल्टर तपासायचा, सक्शनच्या बाजूनं कुठून हवा शिरत नाही ना ते कान लावून ऐकायचं. हवा शिरली की पंप आत खडे टाकल्यासारखा वाजतो. पंप म्हटलं की आपल्याला सगळं कळतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती फेब्रुवारीत सिंदेवाही तालुक्यात, मावसभावाच्या विहिरीवर गळून पडली.

दादांचं शेत जंगलाला अगदी लागून. तीन एकराच्या बांध्या, विहीर आणि तिच्यावर ५ हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक मोटर. उन्हाळी धान नुकतंच रोवलं होतं. शेतीची थ्री-फेज लाईट तिकडे पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. तो आठवडा रात्रीचा होता. जेवणं आटोपली, दादांनी टॉर्च आणि काठी घेतली. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण दार लावून घेतलं नाही.

मी शहाणपणा केलाच. म्हटलं, "ऑटो स्विच बसवा ना दादा. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होईल."

"होता ना. लाईनमनने काढाले लावला. अन् असता तरी काय? पानी सोडते ते. हातानं भरा लागते."

मीही सोबत गेलो. तुमच्यापैकी ज्यांनी विहिरीवरची मोटर कधी चालवली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हा पंप हवा ओढू शकत नाही. पाइप आणि पंप आधी पाण्यानं गच्च भरलेला हवा, तरच तो पाणी उचलतो. पाइपाच्या तळाशी एक झडप असते, फूट व्हॉल्व्ह. पाणी वर येऊ द्यायचं, खाली परत जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती गळत असेल तर मोटर बंद झाल्यावर पाइप हळूहळू रिकामा होतो. मग बादलीनं पाणी भरत बसावं लागतं.

'बसावं लागतं' हे शब्दशः घ्या. दादा मोटरीपाशी उकिडवे बसले, टॉर्च दातात धरली आणि तांब्यानं पाणी ओतत राहिले. पाठ जंगलाकडे. बुडबुडे थांबेपर्यंत दहा-बारा मिनिटं गेली. मी काठी घेऊन उभा होतो, पण अंधारात बघायचं तरी कुठे? वनखात्याचे लोक सांगतात की वाकलेला, बसलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतो. ते वाक्य मला नेमकं तेव्हाच आठवावं!

सकाळी आम्ही पाइप वर ओढला. झडपेत काडी अडकली होती आणि रबराची वायसर झिजून कडेला फाटली होती. नवा फूट व्हॉल्व्ह काही शेकड्यांत आला. पाइपाच्या जोडांना नवीन गॅसकेट घातले, ग्लँड थोडा आवळला. ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी पडू द्यायचं असतं. पूर्ण कोरडा आवळला तर दोरी जळते आणि शाफ्ट खरवडतो. त्या रात्री मोटरनं बटण दाबताच पाणी धरलं. बारा मिनिटांचं काम बारा सेकंदांवर आलं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की जंगलाकडेच्या गावात पंपाची निगा हा जिवाचा प्रश्न आहे. गळकी झडप, सैल जोड, फेज गेल्याचं न कळणारा स्टार्टर... दुसरीकडे यातून फार तर मोटर जळेल. इथे यातलं प्रत्येक दुखणं माणसाला आणखी एकदा अंधारात नेतं. रोवणीच्या आधी दिवसाउजेडी एक सकाळ या कामाला द्याच.

आता ऑटो स्विच. तो काढायला सांगणारे चुकीचे नाहीत, हे मी एक तंत्रज्ञ म्हणून कबूल करतो. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच हॉर्सपॉवरच्या बारा मोटरी असतील तर नुसत्या चालतानाच तो डीपी जवळजवळ भरलेला असतो. लाईट आल्याबरोबर बाराच्या बारा एकदम उठल्या तर तो जळणारच. मग पंधरा दिवस धान वाळतं.

पण हा सल्ला देताना एक गोष्ट धरलेली असते, की शेतकरी रात्री विहिरीवर जाऊ शकतो. चंद्रपूर-गडचिरोलीत ते गृहीत धरता येत नाही. ताडोब्याच्या बाहेर, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या शेतशिवारात वाघ राहतात. पलीकडे गडचिरोलीत २०२१ पासून रानहत्तींचा कळप आला आहे, आणि तो धानात उतरतो तो बहुधा रात्रीच. इथे नुसतं 'स्विच काढा' म्हणून चालणार नाही. त्याऐवजी उशिरानं चालू होणारे टायमर लावा. एका डीपीवरच्या प्रत्येक स्टार्टरला वेगळा वेळ द्या. पहिला एका मिनिटानं, दुसरा दोन मिनिटांनी. सोबत कपॅसिटर, आणि पाणी नसेल किंवा एखादी फेज गेली तर मोटर बंद करणारी व्यवस्था. यात नवीन शोध काहीच नाही, कारखान्यात आम्ही मोठ्या मोटरी अशाच एकामागून एक उठवतो.

आणि हेही पुरेसं नाही. कारण पाणी सुरू झालं तरी बांधी भरली की धुरा फोडायला कुणीतरी जावंच लागतं. खरं उत्तर दिवसाची लाईट.

तुम्ही म्हणाल, वाघ दिवसा हल्ला करत नाही का? करतो. मे २०२५ मध्ये याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या, तेही दिवसाढवळ्या. पण दिवसा माणसाला निदान दिसतं, हाक ऐकायला शेजारच्या बांधीत कुणी असतं. रात्री तेही नाही.

दिवसा वीज द्यायच्या योजना आहेत. २०१७ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी, २०२३मध्ये तिचा दुसरा टप्पा, २०२४ची मागेल त्याला सौर कृषी पंप. माझा प्रश्न फक्त क्रमाचा आहे. जिथे जागा सोयीची, तिथे आधी, असं न करता जिथे विहिरीला लागून जंगल आहे त्या वाहिन्या आधी घ्याव्यात. ज्या चंद्रपुरात ५०० मेगावॅटचे पाच संच उभे आहेत, त्या जिल्ह्यातल्या माणसानं विजेसाठी रात्री रानात जावं, हे मला तरी बघवत नाही.

माझ्या कारखान्यात एकट्या माणसाला अंधारात पंप सुरू करायला पाठवलं तर सेफ्टीवाले माझी नोकरी घेतील. दादांच्या विहिरीला सेफ्टीवाला नाही.

असो. परवा त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "पानी धरून ठेवते आता मोटर. लाईट मात्र या आठवड्यात रातचीच आहे."

झडप आम्ही बदलली. वेळापत्रक आमच्या पान्यानं बदलत नाही.